शाळा दहाची, जाग चारची

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी राजभवनातल्या एका कार्यक्रमात मुलांच्या झोपेचा विषय काढला. मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात आणि शाळेसाठी भल्या सकाळी उठवली जातात, तेव्हा शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, असं त्यांनी सुचवलं. दोनच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, शालेय शिक्षण विभागाचा निर्णय निघाला: पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुंबई-पुण्यात त्यावर बरीच चर्चा झाली. शाळेच्या बसवाल्यांनी नाराजी दाखवली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी जागेची अडचण सांगितली. तरी मुलांची झोप शासनाच्या कागदावर आली, ही चांगलीच गोष्ट झाली.

हिंगोलीत बसून हा निर्णय वाचला की मात्र दोन गोष्टी खटकतात. पहिली वयाची. चौथीतलं पोर नऊ-दहा वर्षांचं असतं. ते रात्री जेवता जेवता पेंगतं आणि सकाळी न उठवता उठतं. शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं ते सातवी-आठवीपासून, आणि बारावीच्या पुढेही सरकत राहतं. निर्णय चौथीलाच थांबला. दुसरी गोष्ट ठिकाणाची. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यात राहत होते. इथली जिल्हा परिषदेची शाळा आणि खेड्यातलं अनुदानित हायस्कूल वर्षातले बहुतेक महिने दहाच्या आसपासच भरतं. नऊची अट इथे लागू होण्याआधीच पाळली जात होती.

तरीही नववी ते बारावीची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतात. कोणत्याही शिक्षकाला विचारा, तो नावं घेऊन सांगेल. शाळा दहाची असून झोप जाते कुठे, हा इथला प्रश्न आहे. शाळेच्या अलीकडे आणि पलीकडे आपण जे तास रचून ठेवले आहेत, त्यांची मोजदाद केल्याशिवाय त्याचं उत्तर मिळणार नाही.

मोठं झालं की झोप कमी लागते, हा समज घराघरांत आहे. शास्त्रज्ञांचाही अंदाज एके काळी असाच होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६ पासून मेरी कार्स्काडन यांनी उन्हाळी शिबिरं घेऊन त्याच त्या मुलामुलींची झोप वर्षानुवर्षं मोजली. झोपायला पुरेशी मोकळीक दिली तेव्हा दहा वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचं मूल, दोघंही नऊ तासांच्या आसपास झोपली. फरक दिसला तो दिवसा. वयात आलेली मुलं तेवढीच झोप घेऊनही दुपारी जास्त पेंगत होती. पुढे त्यांच्याच कामातून आणि इतरांच्या अभ्यासातून चित्र स्पष्ट होत गेलं. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना हे स्रवणं एक ते दोन तास उशिरा सुरू होऊ लागतं. जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढही मोठ्या मुलांत हळू साचते. जर्मनीतले टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं की उशिरा झोपण्याकडचा हा कल विशीपर्यंत वाढत जातो आणि मग उलट फिरतो. पेशीपेशीत चालणाऱ्या या घड्याळाची जनुकीय रचना उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

अमेरिकेतल्या निद्रावैद्यकांच्या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सांगितली. आता हिशेब करा. दहाला दिवा मालवला तरी सोळा वर्षांच्या मुलाला अकराच्या आत झोप लागत नाही, कारण त्याच्या शरीरात रात्र अजून पुरती उतरलेली नसते. त्याला चारला हलवून उठवलं तर पाच तास भरतात. घरात त्याला आळशी म्हटलं जातं. तो आळशी नाही. त्याच्या वयाचं शरीर असंच चालतं.

यात एक गोष्ट आपल्या देशाच्या घड्याळाची आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि हिंगोली ७७ अंशांच्या जवळ. म्हणून इथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून वीस मिनिटं झालेली असतात. जानेवारीत सूर्य वर यायला सात वाजतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतभरातली आकडेवारी घेऊन दाखवलं आहे, की जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथली मुलं उशिरा झोपतात, पण उठायची वेळ शाळेमुळे तीच राहते. सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, आणि पुढे शिक्षणाची वर्षंही घटतात. हिंगोली काही गुजरातच्या टोकाला नाही, त्यामुळे आपल्या वाट्याला यातला थोडाच भाग येतो. पण सहाच्या शिकवणीला निघालेल्या मुलाचं शरीर जानेवारीत अजून पुरतं रात्रीत असतं, हे यावरून समजतं.

पहाटेच्या अभ्यासाबद्दल आपल्याकडे फार आदर आहे, आणि त्या आदराला कारणही आहे. ज्या पिढीने हा संस्कार दिला तिच्या काळी गाव आठ-नऊला निजत असे. कार्तिकात काकड्याला चारला उठणाऱ्या माणसाची सात तास झोप झालेली असायची. पहाट शांत असायची, डोकं ताजं असायचं, अभ्यास खरंच व्हायचा. आज पहाट तिथेच राहिली आणि रात्र दोन-तीन तास पुढे गेली. ब्राझीलमधला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. कार्स्काडन त्याच्याही एक लेखिका होत्या. घरात वीज असलेली आणि नसलेली किशोरवयीन मुलं त्यात शेजारी ठेवून पाहिली गेली. वीज नसलेल्या घरांतली मुलं लवकर झोपत होती. आपल्या खेड्यांतही हेच घडलं आहे, फक्त विजेपाठोपाठ टीव्ही आला आणि टीव्हीपाठोपाठ मोबाइल. जुनी पहाट टिकवायची तर जुनी रात्रही टिकवायला हवी होती. ती टिकली नाही, आणि मुलांकडून मात्र जुनी पहाट आणि नवी रात्र दोन्ही मागितल्या जातात.

आता शाळेभोवतीचे तास. पहिला नंबर शिकवणीचा. हिंगोली, वसमत, कळमनुरी या शहरांत दहावी-बारावीच्या शिकवण्या सकाळी सहाच्या आसपास सुरू होतात, कारण दहाला शाळा आणि कॉलेज आहे. संध्याकाळी शाळा सुटली की दुसरी शिकवणी. ज्यांना परवडतं ते नांदेड किंवा लातूरला खोली करून राहतात. नीटची तयारी म्हटलं की मराठवाड्यात याच दोन शहरांची नावं निघतात, आणि तिथल्या अभ्यासिकांचे दिवे मध्यरात्रीनंतरही जळत असतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग नकोत, आणि सकाळी फार लवकर किंवा संध्याकाळी फार उशिरा वर्ग नकोत. शेवटच्या दोन अटी एकत्र वाचा. शाळेच्या वेळेत क्लास नको म्हटलं की तो उरलेल्या वेळेत, म्हणजे पहाटे आणि रात्रीच बसणार. फार लवकर म्हणजे किती वाजता, हे सूचनांत लिहिलेलं नाही. तिथे सातचा आकडा लिहिला असता तर या जिल्ह्यातल्या हजारो मुलांना रोज एक तास परत मिळाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण अंतराची. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या आडबाजूच्या गावातली अकरावी सायन्सची मुलगी डोळ्यांपुढे आणा. गावात शाळा दहावीपर्यंत, कॉलेज तालुक्याला आणि सकाळचं. रात्री वस्तीला येणारी एसटी, म्हणजे मुक्कामी गाडी, सकाळी सहा-सव्वासहाला गाव सोडते. ती चुकली की पुढची गाडी नऊनंतर, म्हणजे कॉलेजचे पहिले दोन तास बुडाले. गाडी गाठायची तर साडेचारला उठावं लागतं. नळाला पाणी आलं असेल तर आधी हंडे भरायचे. मग अंगण झाडायचं, आईला भाकरी करू लागायचं, कारण आईलाही सातला रोजाने निघायचं असतं. लहान भावाचा डबा, स्वतःचा डबा, वेणी. खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसमध्ये जी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात तीच तिची दिवसातली निवांत झोप. संध्याकाळी साडेपाचला परत आली की सरपण, स्वयंपाक, भांडी. वह्या उघडतात त्या नऊनंतर, एकाच खोलीत, टीव्ही चालू असताना. अकराला ती वाकळ अंगावर ओढते. साडेपाच तास. तिच्याच वयाचा मुलगा सहाला उठतो आणि त्याला कुणी हंडा उचलायला सांगत नाही.

मुलींसाठी सरकारने काहीच केलं नाही असं नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे आणि मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या. या बसने असंख्य मुलींचं शिक्षण वाचवलं. पण गाडीची वेळ आगाराच्या सोयीने ठरते, कॉलेजच्या तासिका शिक्षकांच्या सोयीने, आणि दोन्हींमधल्या तास-दीड तासाची भरपाई ती मुलगी आपल्या झोपेतून करते. आगारप्रमुख, प्राचार्य आणि पालक जून महिन्यात एकदा एकत्र बसले तर हा दीड तास सुटू शकतो. त्यासाठी पैसा लागत नाही.

मुलांची रात्र वेगळ्या रीतीने तुटते. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रब्बीत हरभरा, गहू आणि उभी हळद यांना पाणी द्यायचं असतं ते नेमकं कडाक्याच्या थंडीत. अंधारात साप असतो, रानडुकरं असतात, बापाने एकट्याने जाऊ नये म्हणून नववी-दहावीतला मुलगा बॅटरी घेऊन सोबत जातो. मोटार सुरू करायची, एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायचं, वीज गेली की थांबायचं, आली की पुन्हा. एक वाजता घरी आलेला मुलगा सहाला उठून शिकवणीला जाईल ही अपेक्षा क्रूर आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला. ती ऊर्जा खात्याची योजना म्हणून मोजली जाते. खेड्यातल्या शाळांच्या निकालाशीही तिचा संबंध आहे, आणि शिक्षण खात्याने तिच्यासाठी आग्रह धरायला हवा.

हळद हे इथलं मोठं पीक. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काढणी जानेवारीपासून सुरू होते, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. बॉयलर भाड्याने आणलेला असतो आणि मजूर ठरावीक दिवसांसाठी मिळालेले, त्यामुळे काम रात्रीतही चालू राहतं. बोर्डाची बारावी आणि दहावी फेब्रुवारी-मार्चमध्येच असते. ज्या घरात हळद आणि दहावी एकाच वेळी आली त्या घरातल्या मुलाला कुणी मुद्दाम जागवत नाही, पण घर जागं असलं की तोही जागा राहतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची गोष्ट याहून बिकट. फडावर कोयता पहाटे अंधारात सुरू होतो, आणि आईबापांबरोबर गेलेल्या मोठ्या मुलामुलींना लहानग्यांना सांभाळायचं आणि भाकरीचं बघायचं काम असतं. मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं सुरू झाली ती मुलांची शाळा सुटू नये म्हणून. तिथे मुलांना रोज ठरल्या वेळी झोपायला मिळतं, हाही त्यांचा मोठा उपयोग आहे.

आणखी एक दृश्य आहे. पहाटे साडेचार-पाचला हिंगोलीकडे येणाऱ्या रस्त्यांवर सतरा-अठराची मुलं आणि आता मुलीही धावताना दिसतात. पोलीस भरती किंवा सैन्य. मागे वाहनांचे दिवे, पुढे धुकं. नोकरीची ती एकच वाट समोर असेल तर कुणीही धावेल. पण हीच मुलं दिवसा बारावीचे तास करतात आणि रात्री सामान्यज्ञान पाठ करतात. जे स्नायू ते कमावू पाहतात त्यांची दुरुस्ती गाढ झोपेत होते, वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेतच सर्वाधिक सुटतं. सहा तासांपेक्षा कमी झोपून धावलेले मैल अंगी लागत नाहीत, हे मैदानावरच्या प्रशिक्षकांनी त्यांना सांगायला हवं.

मोबाइलबद्दल सगळेच बोलतात. २०२३ च्या असर अहवालासाठी १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची पाहणी झाली तेव्हा महाराष्ट्रातून शेजारचा नांदेड जिल्हा त्यात होता. देशभरात दहातल्या नऊ घरांत स्मार्टफोन आढळला. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांचा तो स्वतःचा होता, मुलींत हे प्रमाण जेमतेम २० टक्के. पुढच्या वर्षीच्या असरमध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पडद्याचा निळसर उजेड मेलाटोनिन दाबतो हे खरं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की अकराला झोप न येणाऱ्या शरीराच्या हातात करमणुकीचं न संपणारं साधन आलं आहे. मी मोबाइलला पहिल्या क्रमांकाचा गुन्हेगार मानत नाही. ज्या मुलीकडे फोनच नाही तीही साडेपाच तासच झोपते. पण मुलग्यांच्या बाबतीत रात्रीचे अकरा ते एक हे तास फोननेच खाल्ले आहेत, आणि बाप स्वतः बाजेवर पडून रील बघत असेल तर मुलाला कोण थांबवणार?

उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते. मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्यामुळे दुपारी मुलांना घरी सोडणं आवश्यकच आहे. २८ मार्च २०२५ च्या आदेशाने राज्यभर एकच वेळ ठरली: प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. म्हणजे चौथीपर्यंतच्या मुलांना नऊच्या आधी बोलावू नका म्हणणारं खातं उन्हाळ्यात सगळ्यांनाच सातला बोलावतं. उन्हापुढे दुसरा इलाज नाही, हे मान्य. अडचण रात्रीची आहे. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात ते बारापर्यंत उतरत नाही. जुन्या घरांच्या माळवदावर किंवा अंगणात बाज टाकून झोपणारे सुखी. सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा गरम हवाच फिरवतो, आणि वीज गेली की डास. अशा रात्रीनंतर सातची शाळा. माध्यमिकच्या मुलांना उन्हाळ्यात साडेसातला बोलावून एक तासिका कमी केली तर अभ्यासक्रमाचं काही बिघडणार नाही, कारण एप्रिलपर्यंत तो बहुतेक शाळांत संपलेला असतो.

भीतीनेही झोप उडते, आणि या जिल्ह्यातल्या काही गावांना तिची सवय करावी लागली आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. २१ मार्च २०२४ रोजी, दहावीची परीक्षा चालू असताना, सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि पाठोपाठ ३.६ चा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. लोक घराबाहेर आले. १९९३ च्या किल्लारीची आठवण असलेल्या मराठवाड्यात अशा धक्क्यानंतर कुणाचीही झोप सावध होते, मुलांची तर होतेच.

एवढं जागून अभ्यास तरी होतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी पाचशेवर विद्यार्थ्यांना दोन आठवडे रोजनिशी लिहायला लावली. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीपेक्षा जास्त अभ्यासासाठी ज्या रात्री झोप कापली गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना वर्गात कळायला जास्त जड गेलं आणि चाचणीत जास्त चुका झाल्या. याचं कारण स्मरणाच्या रीतीत आहे. दिवसा वाचलेलं रात्री झोपेत पक्कं होतं, आणि स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे जास्त असते. चारला उठवलेल्या मुलाचा हाच भाग कापला जातो. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पुन्हा उठलेलं मूल अकरा वाजता डोळ्यांना पाणी लावून परीक्षा केंद्रात बसतं. त्याने सहापर्यंत झोपून दोन तास उजळणी केली असती तरी वेळ पुरली असती.

तब्येतीचं गणित हळू उलगडतं, म्हणून ते दुर्लक्षित राहतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि तळलेल्या-गोडाकडे हात जातो. रक्तदाब आणि साखरेचा तोल बिघडायला सुरुवात होते. चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं या तक्रारी घेऊन आलेल्या मुलाला डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारायला हवा, कारण नैराश्य आणि अपुरी झोप एकमेकांना वाढवतात. मुलींच्या बाबतीत रक्तक्षय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह कमी असलं की काहींच्या पायांत रात्री वळवळ सुटते, पाय हलवत राहावेसे वाटतात आणि झोप लागत नाही. सकाळी अंग गळून जातं, दोष अभ्यासाच्या कंटाळ्याला दिला जातो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली पोट दुखतं म्हणून टाकून देतात. ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो, हे सांगायला कुणीतरी हवं.

जगात काय झालं तेही पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एडिना गावाने १९९६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:२० वरून ८:३० केली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत असं म्हटलं. सिॲटलने २०१६ मध्ये सुमारे तासभर उशीर केला तेव्हा मुलांची झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, तो १ जुलै २०२२ पासून लागू आहे. सिंगापूरमधल्या एका मुलींच्या शाळेने पाऊण तास उशीर केला. नऊ महिन्यांनी पाहिलं तर झोपेत टिकलेली भर दहा मिनिटांची होती, तरी मुली दिवसा कमी पेंगत होत्या आणि त्यांची मनःस्थिती सुधारली होती. आशियातल्या अभ्यासाच्या दडपणाखाली उशिराच्या घंटेचा फायदा पातळ होतो, हे सिंगापूरने दाखवलं, आणि आपल्याला त्याचाच धडा जवळचा आहे. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाने २०२३ मध्ये उलट पाऊल टाकलं. आश्रमशाळा सकाळी पावणेनऊ ते चार अशा केल्या. त्याला विरोध झाला. कळमनुरीला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे आणि परिसरातल्या आश्रमशाळांत आंध समाजाची मुलं मोठ्या संख्येने राहतात. शेकडो मुलांना मोजक्या नळांवर अंघोळ करून, नाश्ता घेऊन पावणेनऊला वर्गात बसायचं तर उठणं पाचलाच येतं.

म्हणून हिंगोलीसाठी नुसती घंटा मागे-पुढे करून चालणार नाही. शिकवणीला सातची मर्यादा हवी, आणि ती जिल्हाधिकारी पातळीवर क्लासचालकांशी बोलून सुरू करता येईल. कनिष्ठ महाविद्यालयाच्या तासिका पहिल्या बसशी जुळायला हव्यात. हरिनाम सप्ताह असो की लग्नाचा डीजे, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्री दहाची मर्यादा परीक्षेच्या महिन्यांत तरी गावाने स्वतःहून पाळावी. घरात मुलगी आणि मुलगा यांच्यात पहाटेचं काम वाटलं गेलं तर मुलीची अर्धा तास झोप त्याच दिवशी वाढते. फोन रात्री दहाला आईबापांचा आणि मुलांचा मिळून एकाच फळीवर ठेवावा. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं तर शरीराचं घड्याळ थोडं अलीकडे सरकतं, आणि खेड्यात ऊन मुबलक आहे. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी अभ्यासाला मदत करते. संध्याकाळी सातनंतरचा चहा आणि टपरीवरची स्वस्त एनर्जी ड्रिंकची बाटली मात्र सोडावी, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात.

केंद्राच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून सहा विषय आहेत: पोषण, लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, इजा आणि हिंसा, असंसर्गजन्य आजार. झोप त्यात वेगळी लिहिलेली नाही, पण पोषणापासून अपघातापर्यंत बहुतेक ठिकाणी तिचा हात आहे. ग्रामीण रुग्णालयांत याच कार्यक्रमाची मैत्री क्लिनिकं आहेत, तिथे समुपदेशक बसतात. त्यांच्या तपासणीच्या कागदावर दोन रकाने वाढवावेत: काल किती वाजता झोपलास, आज किती वाजता उठलास. शाळेतही हे करता येईल. नववीच्या वर्गाने गणिताच्या तासाला चौदा दिवसांची नोंद करावी, मुलींची वेगळी, मुलांची वेगळी, बसने येणाऱ्यांची वेगळी, आणि सरासरी काढून तिचा आलेख पालक सभेत भिंतीवर लावावा. आकडे त्यांच्याच पोरांचे असतील, त्यामुळे त्यांच्यावर बोलायला बाहेरचा तज्ज्ञ लागणार नाही.